ईबी-५ साठी घेतलेल्या सर्व्हिसचा रिव्ह्यू: वकिलाची फर्म उत्तम, एजंटच्या बाबतीत मात्र सावध राहा

अमेरिकेच्या ईबी-५ इन्व्हेस्टर व्हिसासाठी (तिकडच्या प्रोजेक्टमध्ये पैसे गुंतवून ग्रीन कार्ड मिळवायची स्कीम) आम्ही दोन सर्व्हिसेस घेतल्या, एक एजंट कंपनी जी गुंतवणुकीचे प्रोजेक्ट दाखवते आणि दुसरी इमिग्रेशन वकिलांची फर्म जी फाइल बनवते. दोघांचीही नावं देत नाहीये, पण अनुभव सविस्तर लिहितेय कारण यात बऱ्याच घरांची आयुष्यभराची कमाई लागते आणि माहिती मात्र सगळी विकणाऱ्यांकडूनच मिळते.

थोडं आधीचं सांगते. लेक तिकडे मास्टर्स करून ओपीटीवर (शिक्षणानंतर ठरावीक काळ काम करायची परवानगी) नोकरी करतेय, एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत नंबर लागत नव्हता, आणि लागला असता तरी पुढे ग्रीन कार्डसाठी भारतीयांची रांग किती लांब आहे ते सगळ्यांनाच माहितीये, एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे आपली माणसं वर्षानुवर्षं अडकतात. म्हणून ईबी-५. अर्ज तिच्या नावाने, पैसे आम्ही नवराबायकोने गिफ्ट म्हणून दिलेले. हे चालतं, फक्त गिफ्ट देणाऱ्याकडे पैसा कुठून आला ते दाखवावं लागतं.

स्कीम १९९० पासून आहे, पण मार्च २०२२ मध्ये कायदा बदलला आणि आताचे नियम त्यातले आहेत. ग्रामीण किंवा जास्त बेरोजगारी असलेल्या भागातल्या प्रोजेक्टमध्ये ८ लाख डॉलर, बाकी ठिकाणी साडेदहा लाख, आणि तुमच्या पैशातून १० पूर्णवेळ नोकऱ्या तयार व्हायला हव्यात. दरवर्षीच्या व्हिसांपैकी २० टक्के ग्रामीण प्रोजेक्टसाठी राखीव, १० टक्के जास्त बेरोजगारीच्या भागासाठी, २ टक्के इन्फ्रास्ट्रक्चरसाठी. भारतीयांसाठी खरी किल्ली ही राखीव कॅटेगरी आहे, कारण साध्या कॅटेगरीत आपल्यासाठी बॅकलॉग आहे आणि आम्ही अर्ज केला तेव्हा राखीवमध्ये नव्हता.

आता एजंट. सेमिनार झकास, हॉटेलचा हॉल, मोठी स्क्रीन, बोलणारा माणूस हुशार. पण तिथे दोनदा ऐकलं की "पैसे पाच वर्षांत परत मिळण्याची गॅरंटी आहे". हे वाक्य ऐकलं की उठून यावं असं माझं स्पष्ट मत आहे. ईबी-५ चा मूळ नियमच असा की पैसा जोखमीत असला पाहिजे, कुणी परतीची लेखी गॅरंटी दिली तर तीच गुंतवणूक अपात्र ठरू शकते. म्हणजे गॅरंटी खोटी असेल तर पैसा धोक्यात आणि खरी असेल तर ग्रीन कार्ड धोक्यात!

दुसरं म्हणजे एजंटला पैसे कोण देतं. आमच्याकडून त्याने काहीच फी मागितली नाही, उलट "आमची सर्व्हिस फ्री" असं सांगितलं. फ्री कशी असेल, त्याला प्रोजेक्टवाले कमिशन देतात, आणि २०२२ च्या कायद्यानंतर ते लपवता येत नाही. प्रमोटरला, म्हणजे अशा एजंटला, आय-९५६के नावाचा फॉर्म भरून सरकारकडे नोंदणी करावी लागते आणि त्याला किती पैसे मिळणार हे गुंतवणूकदाराला लेखी सांगावं लागतं. आम्ही तो कागद मागितला तर आधी "देतो देतो", मग "ते तुमच्या वकिलाला पाठवू", आणि वकिलांनी स्वतः मेल केल्यावर कुठे आला. कमिशन घेणं गुन्हा नाही, पण तो सुचवतो ते प्रोजेक्ट त्याच्या फायद्याचे असतात एवढं डोक्यात ठेवूनच ऐकावं.

घाई पण खूप करतात. ३० सप्टेंबर २०२६ च्या आत फाइल केलं तर पुढे स्कीम बंद पडली तरी अर्जाला संरक्षण आहे, आणि जानेवारी २०२७ पासून महागाईनुसार रक्कम वाढायची आहे, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या सांगून "या आठवड्यात टोकन द्या" म्हणणं बरोबर नाही. कागद पूर्ण नसताना भरलेली फाइल कुठली तारीख वाचवणार. व्हरमॉंटच्या जे पीक रिसॉर्टचं प्रकरण वाचा, २०१६ मध्ये एसईसीने (अमेरिकेची सेबीसारखी संस्था) केस केली, परदेशी गुंतवणूकदारांचे ईबी-५ चे पैसे भलतीकडे वळवले होते, मालक पुढे तुरुंगात गेला. तो प्रोजेक्टसुद्धा वर्षानुवर्षं उत्तम म्हणूनच विकला जात होता.

वकिलांच्या फर्मबद्दल मात्र कितीही लिहिलं तरी कमी. सोर्स ऑफ फंड्स म्हणजे पैसा कायदेशीर मार्गाने आला याचा पुरावा, आणि हे काम किती किचकट असतं ते केल्याशिवाय कळत नाही. आमचा पैसा तीन ठिकाणचा, एक जुना फ्लॅट विकलेला, नवऱ्याचे पगारातून साठलेले म्युच्युअल फंड, आणि माझ्या नावावरच्या एफडी. फर्ममधल्या मुलीने एक एक्सेल बनवली, प्रत्येक ओळीत रक्कम, तारीख, कुठल्या खात्यातून कुठल्या खात्यात, आणि शेजारी त्याचा कागद. फ्लॅटसाठी विक्रीचा करार तर मागितलाच, पण आम्ही तो घेतला तेव्हाचा करार, इंडेक्स टू, कर्ज फिटल्याचं पत्र, आणि तेव्हाचे पगाराचे पुरावे म्हणून जुने फॉर्म १६ सुद्धा. घेताना पैसा कुठून आला इथपर्यंत मागे जातात. मराठीतले सगळे कागद भाषांतर करून सर्टिफिकेटसह.

माझ्या स्टेटमेंटमध्ये ११ लाखांची एक जमा होती, मला आठवतच नव्हती कशाची, तिने ती लाल करून ठेवली आणि सोडली नाही. शोधता शोधता सापडलं की वडील गेल्यावर त्यांच्या पीपीएफचे नॉमिनी म्हणून माझ्याकडे आलेले पैसे होते. मग पीपीएफचं पासबुक, मृत्यू दाखला, बँकेचं पत्र. त्या दिवशी चिडचिड झाली होती पण नंतर जाणवलं की हेच तिकडच्या अधिकाऱ्याने विचारलं असतं तर महिनोन्‌महिने अर्ज लटकला असता. अजून एक, एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) अशा भांडवली कामासाठी बँकेचं कर्ज काढून पैसे पाठवता येत नाहीत, हे त्यांनी पहिल्याच कॉलला विचारून घेतलं होतं. एजंटने हा विषय एकदाही काढला नव्हता.

पैसे पाठवायचं प्लॅनिंग पण त्यांनीच आमच्या सीएबरोबर बसून केलं. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएसमध्ये एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर, म्हणजे आम्ही दोघं मिळून पाच लाख, आणि लागतात आठ शिवाय प्रोजेक्टवाल्यांची वरची अ‍ॅडमिन फी, जी साधारण ५० ते ८० हजार डॉलर असते. म्हणून मार्चमध्ये पाच लाख आणि एप्रिल लागल्यावर उरलेले. दोन आर्थिक वर्षं, काम झालं. पण १० लाख रुपयांच्या वर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) बँक आधीच कापून घेते, आमच्या हिशेबाने सव्वा कोटीच्या वर रक्कम झाली. रिटर्न भरल्यावर परत मिळते किंवा अ‍ॅडव्हान्स टॅक्समध्ये धरता येते, पण तोपर्यंत ती हातात असायला लागते आणि कुठल्याही ब्रोशरमध्ये ही ओळ नसते. सात कोटींची तयारी करून बसलेल्या माणसाला हे ऐन वेळी कळलं तर काय होईल सांगा.

प्रोजेक्ट शेवटी आम्ही एजंटच्या यादीबाहेरचा घेतला, ग्रामीण भागातला, ज्यात बांधकामाचं बँक कर्ज आधीच मंजूर होतं आणि माणशी १० पेक्षा बऱ्याच जास्त नोकऱ्यांचा हिशेब दाखवलेला होता. वकील प्रोजेक्ट चांगला की वाईट ते सांगत नाहीत, तसं त्यांनी लिहूनच दिलं, त्यासाठी वेगळा फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट फी देऊन लावला. तो खर्च करा, कंजुषी करू नका.

लेक अमेरिकेतच असल्यामुळे आय-५२६ई (ईबी-५ चा मुख्य अर्ज) बरोबर आय-४८५ (तिथे राहूनच ग्रीन कार्ड मागायचा अर्ज) पण भरता आला, ही सोय पण २०२२ पासूनची. वर्क परमिट आलंय, म्हणजे लॉटरीची टांगती तलवार गेली आणि ती पहिल्यांदा निवांत झोपली असं तिच्या आवाजावरून कळतं. मुख्य अर्ज अजून पेंडिंग आहे. ज्यांची मुलं २१ च्या जवळ आली आहेत आणि आईवडील अर्जदार आहेत (२१ नंतर मूल साधारणपणे आईवडिलांच्या अर्जात धरलं जात नाही) त्यांनी वयाचा हिशेब वकिलाकडून पहिल्या मीटिंगलाच करून घ्या.

फर्मबद्दल तक्रार एकच, फी. सुरुवातीला सांगितलेल्या पॅकेजमध्ये आय-८२९ नव्हता. पहिलं ग्रीन कार्ड दोन वर्षांचं कंडिशनल असतं, ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत हा फॉर्म भरून अटी काढून घ्याव्या लागतात, आणि त्याची फी वेगळी. विचारल्यावर त्यांनी आजचा रेट लिहून दिला आणि तोच ठेवू असं मेलवर कन्फर्म केलं. तुम्ही सही करायच्या आधीच हे मागून घ्या, भाषांतराचा खर्च, सरकारने जास्तीचे कागद मागितले तर त्याचं उत्तर द्यायची फी आणि आय-८२९, तिन्ही एकाच कागदावर.