ऑफिसचा मेल घरून उघडायचाय: व्हीपीएन, ओटीपी की चावी?

फोर्टातलं पंधरा-वीस माणसांचं ऑफिस. निम्मे डोंबिवली-विरारचे. पावसात गाड्या ठप्प झाल्या की सगळे घरूनच मेल उघडतात. तुमचंही असंच असेल, तर नुसत्या पासवर्डवर राहू नका.

व्हेंडर बहुधा आधी व्हीपीएन सुचवतो, म्हणजे घरच्या लॅपटॉपपासून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा इंटरनेटवरचा खासगी रस्ता. टॅली किंवा फायली ऑफिसातल्या सर्व्हरवर असतील तर तो हवाच. पण मेल गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर असेल, तर घरून आधी ऑफिसात शिरायचं आणि तिथून पुन्हा बाहेर पडायचं, म्हणजे ठाण्याहून मुलुंडला जायला कल्याणचा वळसा. शिवाय घरच्या लॅपटॉपमधला व्हायरस थेट ऑफिसच्या नेटवर्कला भिडू शकतो. व्हीपीएनचं यंत्रही वेळच्या वेळी अपडेट करावं लागतं. ते करणार कोण, हे आधी ठरवा.

एसएमएसचा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा बरा. मात्र कोणी तुमच्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढलं, तर ओटीपी त्याच्याकडे जातो. ऑथेंटिकेटर ॲप फुकट आहे आणि दर 30 सेकंदांनी फोनमध्येच नवा कोड तयार करतं. त्याला नेटवर्क लागत नाही, त्यामुळे पारसिकच्या बोगद्यातही कोड दिसतो. (मेल उघडणार नाही, ती गोष्ट वेगळी.) त्याची खरी कमजोरी म्हणजे हुबेहूब लॉगिन पान. तिथे तुम्ही कोड टाकलात की चोर तो त्याच क्षणी खऱ्या साइटवर वापरतो.

यूएसबीची सुरक्षा चावी इथेच सरस ठरते. ती वेबसाइटच्या पत्त्याशी बांधलेली असते, म्हणून खोट्या पानाला उत्तरच देत नाही. फोनमधली पासकीही (पासवर्डऐवजी फोनचं लॉक उघडून लॉगिन) याच तत्त्वावर चालते. चाव्यांना काही हजार रुपये पडतात, त्यामुळे सगळ्यांना देण्याचा हट्ट नको. पैशांचे व्यवहार पाहणारे आणि ॲडमिन यांना चावी किंवा पासकी, बाकीच्यांना ॲप, असं मी करेन.

एक मागचं दार मात्र हमखास राहून जातं: जुन्या मेल प्रोग्रामचं आयमॅप किंवा पॉप, म्हणजे सर्व्हरवरून मेल उतरवून घ्यायच्या जुन्या पद्धती. तिथे बऱ्याचदा नुसत्या पासवर्डवर काम भागतं, दुसरा टप्पा विचारलाच जात नाही. मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज ऑनलाइन या आपल्या मेल सेवेवर ही नुसत्या पासवर्डची पद्धत ऑक्टोबर 2022 पासून बंद करायला घेतली. स्वस्त होस्टिंगवरच्या मेलमध्ये ती अजून चालू असू शकते. सेटिंगमध्ये पोर्ट 993 (आयमॅपची एन्क्रिप्टेड वाट) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्याने वाटेतला मजकूर झाकला जातो, पासवर्ड चोरलेला माणूस अडत नाही. होस्टिंगवाल्याला फोन करून हे विचाराच.

आणि चाव्या माणशी दोन घ्या. दुसरी ऑफिसच्या तिजोरीत ठेवा, त्याच किचेनला अडकवू नका.