मागच्या अंगणात पॅटिओ करायचाय: सलग काँक्रीट, पेव्हर ब्लॉक की दगडी फरशी?

पॅटिओ, म्हणजे घरालगतची उघडी फरसबंद बसायची जागा, करायचं ठरलं की सगळे आधी फोटो बघत बसतात, रंग कुठला, डिझाइन कुठलं, कडेला दिवे हवेत का वगैरे. माझं मत असं की हे सगळं शेवटी ठरवायचं. आधी बघायचं की खाली माती कशी आहे, पावसाचं पाणी कुठे जाणार आहे आणि त्या जागेखालून कुठले पाइप गेलेत. ह्या तीन गोष्टी नीट बघितल्या की तीन पर्यायांतला एक बहुतेक वेळा आपोआप गळतो आणि उरलेल्या दोनांत निवड करणं सोपं जातं.

सगळ्यात आधी जागेवर एक दीड फुटाचा खड्डा घ्या, कुदळ-फावड्याने अर्ध्या तासाचं काम आहे. वरची काळी मऊ माती, मुळं, पालापाचोळा असलेला थर तर कुठल्याही पर्यायात काढायचाच असतो, तो ठेवून वर काहीही टाकलं तरी ते बसणार. त्याच्या खाली काय लागतं ते महत्त्वाचं. मुरूम किंवा घट्ट वाळूमिश्र माती लागली तर सलग काँक्रीट मजेत चालेल. पण ओली असताना चिकटून बसणारी आणि वाळली की भेगाळणारी चिकणमाती असेल तर ती पावसात फुगते आणि उन्हात आक्रसते, दरवर्षी. त्यावर ४ इंची स्लॅब टाकला तर तो कुठून तरी उचलला जाणार, मग तुम्ही सिमेंट कितीही चांगलं वापरा. अशा जमिनीवर पेव्हर ब्लॉक बरे, कारण ते सुटे असतात, जमिनीबरोबर थोडे हलतात आणि परत बसवता येतात.

आता एक गोष्ट जी बऱ्याच लोकांच्या लक्षातच येत नाही. पॅटिओ हा घराला लागून असतो, आणि घराला लागून असलेली माती ही जवळजवळ नेहमीच भरावाची असते. पाया खणताना ती काढलेली असते आणि पाया झाल्यावर परत लोटलेली असते, त्यात धुम्मस नीट झालेलं असेलच असं नाही, त्यामुळे घर नवीन असेल तर ही पट्टी पुढची काही वर्षं हळूहळू खाली बसत राहते. स्लॅबची बाहेरची बाजू मूळ घट्ट जमिनीवर आणि घराकडची बाजू ह्या भरावावर, म्हणजे बसणार कुठली? घराकडची. आणि ती बसली की ढाळ उलटा होतो, अंगणातलं पाणी भिंतीकडे यायला लागतं आणि मग ओल, पोपडे, सगळं मागोमाग. पेव्हरमध्ये हेच झालं तर त्या पट्टीतले ब्लॉक काढा, खाली खडी-कच टाकून ठोका, परत बसवा, एका दिवसात विषय संपला. सलग स्लॅबमध्ये मात्र फोडून परत ओतणं नाहीतर खाली ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) पंप करून उचलणं एवढंच हातात राहतं. म्हणून घर नवीन असेल तर मी सरळ पेव्हरच सुचवेन, किंवा मग एकदोन पावसाळे जाऊ द्या आणि नंतर काँक्रीट ओता. घाईने ओतू नका.

ढाळ किती द्यायचा तर फुटाला पाव इंच, म्हणजे १० फुटांवर अडीच इंच, आणि घरापासून बाहेरच्या बाजूला. ऐकायला जास्त वाटतं, पण खुर्ची-टेबल ठेवलं की कळतही नाही. आणि पॅटिओची वरची लेव्हल घराच्या जोत्यातल्या ओलरोधक थराच्या निदान ६ इंच खाली हवी, दारातून बाहेर पाऊल सपाट पडावं म्हणून लेव्हल वर घेण्याचा मोह होतो पण तो टाळा, त्यापेक्षा एक पायरी करा. पाणी किती येतं ह्याचा अंदाज हवा असेल तर १२ बाय १५ फुटांच्या पॅटिओवर १ इंच पाऊस पडला की साधारण ४२५ लिटर पाणी होतं. सलग काँक्रीट ते सगळंच्या सगळं कडेला ढकलतं, म्हणजे ते जिथे पडणार तिथे चर, वाफा किंवा जाळीची नाली पाहिजेच. पेव्हरच्या सांध्यांमधून थोडंफार मुरतं, पण साध्या वाळूवर बसवलेल्या पेव्हरने पाणी मुरण्याचा प्रश्न सुटतो असं समजू नका, खरंच मुरवायचं असेल तर मुरवणारे खास ब्लॉक आणि त्याखाली बिनकचीच्या मोकळ्या खडीचा जाड थर लागतो, ते काम वेगळं आणि महागही.

तडे. काँक्रीटवाले लोक ह्यालाच घाबरतात आणि बरोबर आहे, काँक्रीट वाळताना आक्रसतं म्हणून तडा जाणारच, फक्त तो कुठे जाणार हे आपण ठरवायचं. त्यासाठी जॉइंट कापतात. ४ इंच जाड स्लॅब असेल तर दर ८ ते १० फुटांवर जॉइंट, खोली जाडीच्या पाव म्हणजे १ इंच, आणि पडलेले तुकडे शक्यतो चौरस हवेत, लांबी रुंदीच्या दीडपटीपेक्षा जास्त नको. लांबट पट्टी सोडली की तिच्या मधोमध तडा आलाच म्हणून समजा. मशीनने कापायचे असतील तर ओतल्यावर त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी कापायला लागतात, कडक ऊन असेल तर अजून लवकर, कारण उशीर झाला की काँक्रीट स्वतःची जागा निवडून मोकळं होतं. शिवाय घराची भिंत, खांब, चेंबर, जिथे जिथे स्लॅब दुसऱ्या कशाला टेकतो तिथे मधे फोमची पट्टी टाकून तो सुटा ठेवायचा, भिंतीला घट्ट चिकटवून ओतला तर कोपऱ्यापासून तिरका तडा निघतो.

स्लॅबमध्ये लोखंडी जाळी टाकली की तडे जात नाहीत असं जे सांगतात ते खरं नाही. जाळी तडा थांबवत नाही, गेलेला तडा उघडू देत नाही, दोन्ही बाजू एकमेकींना धरून ठेवते. आणि तेही ती स्लॅबच्या मध्यावर किंवा थोडी वर असेल तरच. प्रत्यक्षात काय होतं ते ओतायच्या दिवशी उभं राहून बघा: जाळी खडीवर पसरलेली असते, माणसं घमेली घेऊन तिच्यावरून चालतात, ती दबून पार तळाला जाते आणि काम संपल्यावर ती तिथेच पडून राहते, काहीही उपयोग नसलेली. खाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सिमेंटचे छोटे ठोकळे, ठेवून जाळी उचललेली आहे ना एवढं बघा, कव्हर ब्लॉक म्हणजे किरकोळ खर्च.

पेव्हरला तडे नाहीत हा त्याचा मोठा फायदा खरा. पण प्रत्येक सांधा म्हणजे गवत उगवायची आणि मुंग्यांनी माती वर काढायची जागा, अधूनमधून सांध्यातली वाळू धुऊन जाते ती परत भरा, आणि कडेला पक्की काँक्रीटची धार नसेल तर बाहेरची रांग सरकायला लागते, तिच्या मागोमाग आतल्या रांगा ढिल्या होतात. कडेची धार वाचवून पेव्हर स्वस्तात करून देतो असं कोणी म्हटलं तर त्याला काम देऊ नका. अजून एक बारीक गोष्ट, ब्लॉकच्या कडा जर उतरत्या असतील तर खुर्चीचे बारीक पाय सांध्यात अडकतात आणि टेबल डगमगतं. जेवायला बसण्यासाठीच जागा करत असाल तर सपाट कडांचे मोठे ब्लॉक बघा. चालण्या-बसण्यापुरतं असेल तर ६० मिलिमीटर जाडी पुरते, गाडी चढणार असेल तर ८०.

पेव्हरमध्ये खोदाई वाचते, हा एक गैरसमज आहे. सलग काँक्रीटला ४ इंच ठोकलेली खडी आणि त्यावर ४ इंच स्लॅब. पेव्हरलाही ४ ते ६ इंच ठोकलेली खडी, वर १ इंच वाळू, वर ब्लॉक. म्हणजे खोदाई जवळपास सारखीच. लोक खडीचा थर वगळून थेट मातीवर वाळू टाकतात आणि ब्लॉक मांडतात, पहिल्या पावसाळ्यानंतर तिथे खळगे पडतात आणि नाव पेव्हरचं खराब होतं.

खर्चाचं म्हणाल तर साधारणपणे साधं झाडूच्या फिनिशचं काँक्रीट सगळ्यात स्वस्त, दगडी फरशी सगळ्यात महाग, पेव्हर आणि छापाचं (वर दगडासारखा छाप मारलेलं) काँक्रीट मधे कुठेतरी. पण मजुरी जागेनुसार इतकी बदलते की स्वतः दोन-तीन ठिकाणी दर विचारल्याशिवाय काही ठरवू नका. पेव्हर घरच्या माणसांनी सावकाश सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं करत पूर्ण करता येतं, काँक्रीटचं तसं नाही, एकदा ओतायला सुरुवात केली की त्याच्या वेळेनेच तुम्हाला धावावं लागतं. तोच १२ बाय १५ चा पॅटिओ घ्या, ४ इंच जाडी म्हणजे ६० घनफूट, १.७ घनमीटर, वजन सुमारे ४ टन. हाताने कालवायला हे फार होतं. मिक्सर आणि पुरेशी माणसं नसतील तर तयार काँक्रीट मागवा, ऑर्डर १० टक्के जास्तीची द्या आणि गाडी मागच्या अंगणापर्यंत पोचते का ते आधी बघा.

ओतायच्या दिवशी एकाच गोष्टीवर डोळा ठेवा, पाणी. माल पसरवायला सोपा जावा म्हणून पाणी वाढवलं जातं आणि तिथेच ताकद जाते. त्यानंतर काँक्रीट पसरून फळीने सारखं केलं की थोड्या वेळात वर पाण्याचा चकचकीत थर येतो. हा थर असताना घोटायचं नाही. तो थर लवकर जावा म्हणून त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरायची जी पद्धत आहे ती तर अजिबात करू देऊ नका, त्याने वरचा पापुद्रा कमजोर होतो आणि वर्षा-दोन वर्षांत पावडर सुटायला लागते. चकाकी जाऊन पृष्ठभाग मंद दिसायला लागला आणि बूट ठेवला की साधारण पाव इंच ठसा उमटतो एवढं झालं की मग लाकडी रंधा फिरवायचा आणि शेवटी ताठ केसांचा झाडू ढाळाच्या आडव्या दिशेने एकसारखा ओढायचा. त्यानंतर किमान ७ दिवस ओलं ठेवायचं, गोणपाट नाहीतर प्लॅस्टिक टाकून. एक-दोन दिवसांनी चालता येतं, जड टेबल-खुर्च्या आठवड्यानंतर, पूर्ण ताकद धरायला २८ दिवस धरा. पेव्हरवर त्याच संध्याकाळी बसता येतं, घाईच्या घरात हाही मुद्दा असतो.

फिनिशबद्दल थोडं. बाहेरच्या जागेत आरशासारखं गुळगुळीत घोटलेलं काँक्रीट नको, ओलं झालं की माणूस घसरतो, घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतील तर विचारच करू नका. झाडूची फिनिश साधी दिसते पण पाय धरते. खडी उघडी ठेवलेली फिनिशही छान पकड देते, मला ती सगळ्यात आवडते, फक्त अनवाणी चालायला जरा बोचते. दगडासारखा छाप मारलेलं रंगीत काँक्रीट पहिल्या वर्षी फारच सुंदर दिसतं, पण दर दोन-तीन वर्षांनी सीलर मारावा लागतो, सीलर जाड झाला की निसरडं होतं, आणि तडा गेला किंवा कोपरा फुटला तर त्याच रंगाचा तुकडा जुळवणं जमतच नाही. मी ते घेणार नाही, पण देखभाल मनापासून करणारं कोणी असेल तर हरकत नाही.

दगडी फरशी घ्यायची तर पॉलिश केलेली नको, खरखरीत फिनिशची घ्या, आणि खाली बहुतेक वेळा काँक्रीटचा थर लागतो, म्हणजे आधी अर्धा काँक्रीट पॅटिओ करायचा आणि वर दगड. दिसायला तोड नाही. पण गडद दगड दुपारी इतका तापतो की पाय ठेववत नाही, जागा उन्हात असेल तर फिकट रंग बघा. हा नियम पेव्हरलाही लागू, आणि फिकट काँक्रीट ह्या बाबतीत पुढे आहे.

जागेखालून सांडपाण्याचा पाइप गेला असेल तर माझी निवड पेव्हर, कारण कधी ना कधी तो उघडावा लागतो. मोठं झाड जवळ असेल तरी पेव्हर, मुळं स्लॅब उचलतात. उलट घर जुनं आहे, माती बसलेली आणि घट्ट आहे, आकार कायमचा ठरलाय, वर जड झोपाळा किंवा ओटा बांधायचाय, आणि गवत उपटत बसायला वेळ नाही, तर सलग काँक्रीटच करा, त्याच्याएवढं बिनतक्रार दुसरं काही नाही. फक्त जाडी वाढवायची असेल, म्हणजे पुढेमागे गाडी उभी राहणार असेल, तर आत्ताच ५ ते ६ इंच करा. आकार ठरवताना चार खुर्च्यांच्या टेबलाला निदान १० बाय १० फूट धरा, खुर्ची मागे सरकवायला टेबलाच्या कडेपासून ३ फूट लागतात, कागदावर जागा नेहमी मोठी वाटते म्हणून जमिनीवर दोरी आखून आत खरंच टेबल-खुर्च्या मांडून बघा.

कॉन्ट्रॅक्टरकडून कोटेशन घेताना लेखी मागा: खडीचा थर ठोकल्यानंतर किती इंच, स्लॅबची जाडी किती, काँक्रीटची ग्रेड, म्हणजे ताकदीचा दर्जा, कुठली (एम २० च्या खाली नको, बर्फ पडणाऱ्या भागात त्याहून वरची आणि हवेचे बुडबुडे धरणारं मिश्रण), जॉइंट किती अंतरावर आणि कधी कापणार, ढाळ कुठल्या बाजूला, क्युरिंग, म्हणजे ओलं ठेवण्याचं काम, कोण करणार. आणि स्लॅब असेल तर ओतायच्या आधी खालून आरपार एक-दोन रिकामे पीव्हीसी पाइप टाकून तोंडं बंद करून ठेवायला सांगा, उद्या बागेत नळ किंवा दिव्याची वायर न्यायची झाली तर फोडायला लागत नाही.