एडडेटाची करारांची लायब्ररी: परदेशी कर्जावर भांडायच्या आधी एकदा उघडाच

रेल्वे असो, बंदर असो की एअरपोर्ट, परदेशी कर्जावर मोठा प्रोजेक्ट उभा राहिला की वाद ठरलेला, एक म्हणतो देश विकायला काढला, दुसरा म्हणतो तुम्हाला विकासच नको, आणि दोघांपैकी एकानेही करार वाचलेला नसतो कारण तो कुणी दाखवलेलाच नसतो. मी पण बरीच वर्षं असंच भांडत होते. गेले काही महिने एडडेटाची साइट वापरतेय आणि मनापासून सांगावंसं वाटलं म्हणून हा रिव्ह्यू.

एडडेटा म्हणजे अमेरिकेत व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी विद्यापीठातली रिसर्च लॅब. पैसे लागत नाहीत. त्यांचा डेटासेट आहे, त्याच्या २०२३ च्या ३.० व्हर्जनमध्ये २००० ते २०२१ मधले चीनच्या पैशावरचे २०,९८५ प्रोजेक्ट आहेत, १६५ देशांतले, मिळून १.३४ लाख कोटी डॉलर. एक्सेलमध्ये उघडतो, प्रत्येक प्रोजेक्टची हकिगत लिहिलेली आहे आणि माहिती कुठून घेतली तेही. हे चांगलंच आहे, पण मला खरी आवडली ती करारांची लायब्ररी.

२०२१ मध्ये एडडेटाने आणखी तीन संशोधन संस्थांसोबत २४ कर्जदार देशांनी चिनी सरकारी सावकारांशी केलेले १०० करार तपासले आणि लोकांसाठी खुले केले, एकूण ३,६६० कोटी डॉलरची कर्जं. बरेचसे करार त्या त्या देशाच्या सरकारी साइटवर, संसदेच्या कागदांत नाहीतर गॅझेटमध्येच होते, फक्त शोधून एका जागी कुणी ठेवले नव्हते. त्यातून काय दिसलं, तर २०१४ नंतरच्या त्यातल्या प्रत्येक करारात गुप्ततेचं कलम. म्हणजे कर्ज फेडणार जनता आणि अटी बघायला परवानगी लागणार सावकाराची! शिवाय जवळपास तीन चतुर्थांश करारांत अशी अट की उद्या देश अडचणीत आला आणि बाकीच्या सावकारांशी एकत्र बसून कर्जाची फेररचना करायची वेळ आली तर हे कर्ज त्यातून बाहेर ठेवायचं. वर्ल्ड बँकेचे कर्जकरार त्यांच्याच साइटवर वाचायला मिळतात, म्हणजे करार उघड केले तर कर्ज देणंच बंद पडेल हे काही खरं नाही.

सगळ्यात जास्त शिकले ते युगांडाच्या एन्टेबे एअरपोर्टवरून. २०१५ चं, चीनच्या एक्झिम या सरकारी बँकेचं २० कोटी डॉलरचं कर्ज. २०२१ च्या शेवटी सगळीकडे बातमी पसरली की चीन आता एअरपोर्ट ताब्यात घेणार, दोन्ही सरकारं नाही म्हणाली, पण कागदच समोर नाही तर विश्वास कोण ठेवणार? मग २०२२ मध्ये एडडेटाने तो करारच प्रसिद्ध केला. एअरपोर्ट तारण नाहीये. मात्र एअरपोर्टचं उत्पन्न आधी कर्जफेडीला जाणार, एका वेगळ्या खात्यात रक्कम अडकवून ठेवायची, आणि हे २० वर्षं. म्हणजे अफवा खोटी होती आणि काळजी खरी होती, आणि हे कळायला एक पीडीएफ पुरली. ती पहिल्या दिवशीच लोकांसमोर असती तर सगळी चर्चा त्या खात्यावर आणि त्या २० वर्षांवर झाली असती, जिथे ती व्हायला हवी होती.

केनियाचंही बघा, चीनच्याच कर्जावरची मोम्बासा ते नैरोबी रेल्वे २०१७ मध्ये धावायला लागली, करार मात्र बंद. कार्यकर्ते कोर्टात गेले, २०२२ मध्ये मोम्बासाच्या हायकोर्टाने माहिती द्या म्हणून सांगितलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नव्या ट्रान्सपोर्ट मंत्र्यांनी कर्जाचे करार जाहीर केले. करारावर वाद झाला तर चीनचा कायदा आणि लवाद बीजिंगमध्ये, हे लोकांना कळलं तेव्हा गाडी पाच वर्षं धावत होती.

आता उणिवा. करार फक्त जेवढे हाती लागले तेवढेच, त्यामुळे १०० करारांवरून जगातल्या सगळ्या कर्जांबद्दल ठोकून बोलू नका. भाषा वकिली इंग्लिश, काही फ्रेंच. आणि मला सगळ्यात खटकतं ते हे की सगळा फोकस चीनवर, प्रायव्हेट बँका किंवा दुसऱ्या देशांच्या कर्जांची अशी चिरफाड इथे मिळत नाही, वाचणाऱ्याला वाटू शकतं की लपवाछपवी एकच देश करतो. एडडेटाला यूएसएड या अमेरिकन सरकारच्या परदेशी मदत संस्थेकडूनही निधी मिळालेला आहे हे पण डोक्यात ठेवा. पण मूळ कागद समोर ठेवलाय, त्यांचा निष्कर्ष पटला नाही तर स्वतः वाचून वेगळा काढता येतो, म्हणून माझे पाचपैकी साडेचार स्टार.

पहिल्यांदा उघडणार असाल तर सुरुवातीच्या व्याख्यांच्या पानांत अडकू नका, व्याज आणि मुदत बघा, मग उत्पन्न कुठल्या खात्यात जाणार ते, मग कुठल्या देशाचा कायदा लागू, आणि शेवटी गुप्ततेचं कलम. एन्टेबेचा करार आधी घ्या, एका संध्याकाळी होतो.