लिबरल आर्ट्‌सची दोन वर्षं: विषय निवडायची मोकळीक वापरून पाहिल्यावर

बारावीचा निकाल लागला की लिबरल आर्ट्‌सवाल्यांची माहितीपत्रकं फोनवर येऊन पडायला लागतात. त्यात भौतिकशास्त्राबरोबर संगीत आणि अर्थशास्त्राबरोबर नाटक शिका, असं काहीतरी हमखास असतं. मी पुण्याच्या परिसरातल्या अशाच एका खासगी संस्थेत चार वर्षांची पदवी करतेय, दुसरं वर्ष संपत आलंय. संस्थेचं नाव लिहीत नाही. मला लिहायचंय ते विषय निवडण्याबद्दल, आणि बाकीच्या ठिकाणी शिकणाऱ्या मैत्रिणींशी बोलल्यावर कळतं की तिथलीही कथा फार वेगळी नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. मोकळीक खोटी नाही. पण चार दिशांचे चार विषय घेतले म्हणून आपोआप काही घडत नाही. एकाच सत्रात घेतलेले दोन-तीन विषय एकाच प्रश्नावर येऊन भिडले, तरच इथल्या फीचा खर्च वसूल होतो. नाहीतर आत्या म्हणते तेच खरं, एक ना धड भाराभर चिंध्या.

आधी व्यवस्था कशी आहे ते. आमच्याकडे मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, तिसऱ्या सत्राच्या शेवटी ठरवायचा असतो. तोवर लेखन, संख्याशास्त्राची तोंडओळख असे काही फाउंडेशन कोर्स सक्तीचे, बाकीचे आपल्या मर्जीचे. बहुतेक कोर्स चार क्रेडिटचे. थिअरीच्या एका क्रेडिटला पंधरा तास शिकवणं धरतात, म्हणजे एका कोर्सचे साठ तास. साठ तासांत एखाद्या विषयाचं काय होतं? व्याख्या होतात, दोन-तीन मोठे वाद कळतात, आणि जरा मजा यायला लागते तोच सबमिशनची तारीख येते. पहिल्या सत्रात मी मानसशास्त्र, तत्त्वज्ञान, चित्रपट आणि प्रोग्रॅमिंग घेतलं होतं. चारही 'ओळख'वाले कोर्स. चारही चांगले शिकवले. आज विचाराल तर प्रोग्रॅमिंग सोडून फारसं हाताशी राहिलेलं नाही, कारण त्यांपैकी कुठल्याच कोर्सला दुसऱ्याची गरज पडली नाही.

रजिस्ट्रेशनचा दिवस हा वेगळाच प्रकार. कॅटलॉगमध्ये शे-दीडशे कोर्स दिसतात आणि पोर्टल उघडल्यावर अर्ध्या तासात हवे ते संपलेले असतात. सेमिनारला पंचवीस-तीस जागा, त्यात सीनियर आधी. मग वेटलिस्ट. शिवाय स्लॉटची भानगड. मला रसायनशास्त्राचा एक कोर्स हवा होता, त्याचं प्रॅक्टिकल नेमकं बुधवारी दुपारी, आणि इतिहासाचे सगळे चांगले सेमिनारही बुधवारी दुपारीच. प्रयोगशाळा आणि सेमिनार यांचा असा क्लॅश दर सत्रात कुठे ना कुठे होतोच. म्हणजे कागदावर विज्ञान आणि मानव्यविद्या यांच्यात भिंत नाही, वेळापत्रकात आहे. प्रीरिक्विझिट हा दुसरा अडथळा. वरच्या पातळीचा कोर्स घ्यायचा तर खालचा झालेला हवा, आणि खालचा दर सत्रात चालत नाही. ज्यांनी पहिल्याच वर्षी गणिताचा एक कोर्स उरकून ठेवला त्यांना नंतर अर्थशास्त्र, संगणक, पर्यावरण, कुठेही शिरता आलं. ज्यांनी 'गणिताला कायमचा रामराम' म्हणून इथे प्रवेश घेतला, त्यांच्यासाठी कॅटलॉगमधलं निम्मं पान पहिल्याच वर्षी बंद झालं.

आता ज्या सत्रामुळे हे सगळं लिहावंसं वाटलं ते तिसरं. मी भूशास्त्राची तोंडओळख, विकासाचं अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्राचा दुसरा कोर्स एकत्र घेतले. ठरवून नाही, स्लॉट जुळले म्हणून. माझं आजोळ सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं. अर्थशास्त्राच्या टर्म पेपरला मी १९७२ चा दुष्काळ आणि रोजगार हमी योजना घेतली, कारण आजीने त्या कामांवर खडी फोडली होती हे लहानपणापासून ऐकलेलं. कामावर मिळणारा सुकडीचा खाऊ, मिलो नावाच्या परदेशी ज्वारीची लाल भाकरी, हे सगळं आमच्या घरात गोष्टीसारखं सांगितलं जातं.

अर्थशास्त्राच्या वर्गात मांडणी अशी होती. अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावरून दाखवलं की माणसं मरतात ती नुसतं धान्य कमी पडलं म्हणून नाही, तर धान्य विकत घ्यायची ऐपत गेली म्हणून. ७२-७३ ला महाराष्ट्रात पीक बुडालं, पण सरकारने लाखो लोकांना कामावर घेतलं आणि त्यांच्या हातात मजुरी दिली. पुढे वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी कायद्यात बसली, कायदा १९७७ चा, अंमल १९७९ पासून. केंद्राचा रोजगार हमी कायदा त्यानंतर खूप उशिरा, २००५ ला आला. या योजनेसाठी पैसा उभा करायला १९७५ मध्ये शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. बाबांच्या पगाराच्या स्लिपवर दरमहा दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे का कापले जातात, हे मला विसाव्या वर्षी कळलं. बाबांना तर तेव्हाच माझ्याकडून कळलं.

माझा पेपर इथवर छान चालला होता. मजुरी मिळाली, माणसं जगली, योजना यशस्वी. मग भूशास्त्राच्या सरांनी, त्यांचा या पेपरशी काही संबंध नसताना, एक प्रश्न विचारला. तुझ्या आजीने बांधलेला पाझर तलाव कुठल्या खडकावर आहे?

दख्खनचा बेसॉल्ट म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून झालेला खडक. काळा पाषाण पाणी धरतही नाही आणि सोडतही नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि विहिरी खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तसल्या थरांत. तलावाच्या तळाशी भेगा असलेला थर आला तर पाणी खाली जाऊन शिवारातल्या विहिरींना मिळतं. तळाशी अखंड काळा पाषाण आला तर पाणी जाईल कुठे, उन्हाने उडून जाईल. म्हणजे तीच मजुरी, तेवढीच खडी, तितकेच घाम गाळलेले दिवस, आणि एका गावाला पुढची वीस वर्षं पाणी, दुसऱ्या गावाला उन्हाळ्यात भेगाळलेला खड्डा. अर्थशास्त्राच्या हिशेबात दोन्ही कामं सारखीच दिसत होती.

सुट्टीत गेले तेव्हा आजीला विचारलं. ती म्हणाली, "तळ्याची जागा सायबानं दाखवली, आमाला कोन इचारतंय? पर खालच्या अंगाच्या हिरींना पानी वाढलं, ह्ये खरं." आता हा एका माणसाचा अनुभव, पुरावा म्हणून पेपरात घालता येत नाही. पण पुढे काय शोधायचं ते त्यातून कळलं, तलावाच्या खालच्या बाजूच्या आणि वरच्या बाजूच्या विहिरी वेगळ्या काढून बघायच्या.

पुढचा धक्का संख्याशास्त्राने दिला. मी पेपरात सातारा जिल्ह्याचा सरासरी पाऊस घेतला होता. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास, दोन्ही एकाच जिल्ह्यात. त्यांची सरासरी काढली तर जो आकडा येतो तेवढा पाऊस या दोन्ही ठिकाणी पडतच नाही. मध्यक का वापरायचा, आकडे तालुकानिहाय का बघायचे, हे पुस्तकातल्या उदाहरणांनी मला कधी पटलं नव्हतं. इथे पटलं, कारण चुकीचा आकडा माझ्या आजीच्या गावाचा होता.

पेपर मी पुन्हा लिहिला. मार्क काही आभाळाला भिडले नाहीत. अर्थशास्त्राच्या मॅडमनी खडकाचा भाग 'विषयाला सोडून' म्हणून थोडे कापलेच. इथल्या व्यवस्थेची ही सगळ्यात मोठी उणीव मला वाटते. विद्यार्थ्याने शाखा ओलांडाव्यात असं सगळे म्हणतात, पण मार्क देणारा माणूस एकाच शाखेचा असतो आणि त्याच्याकडे मार्क द्यायच्या निकषांचं रुब्रिकही एकाच शाखेचं असतं. भूशास्त्राच्या सरांनी आणि अर्थशास्त्राच्या मॅडमनी एकमेकांशी बोलून एक पेपर दोन्ही कोर्सना चालेल अशी सोय करावी, ही विनंती आम्ही काही जणांनी केली होती. एकच काम दोनदा दाखवलं तर ती फसवणूक ठरते, असा नियम पुढे आला. नियम मला समजतो. पण मग दोन विषय जोडायचं काम पूर्णपणे विद्यार्थ्याच्या डोक्यात आणि त्याच्या रविवारच्या सुट्टीत होणार.

हा वाद नवा नाही, हे नंतर कळलं. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८६९ पासून चाळीस वर्षं मुलांना हवे ते विषय घेण्याची मुभा वाढवत नेली. त्यांच्यानंतर आलेल्या लॉवेल यांनी लगाम खेचला: एका विषयात खोल जा आणि बाकीचे ठरवून दिलेल्या गटांतून घ्या. आमच्या हँडबुकातलं मेजर आणि डिस्ट्रिब्यूशनचं प्रकरण तिथून आलेलं आहे. ब्राऊन विद्यापीठाने १९६९ मध्ये पुन्हा उलटी दिशा पकडली आणि सक्तीचे गटच काढून टाकले. मला विचाराल तर मी लॉवेलच्या बाजूची. सक्ती नसती तर मी संख्याशास्त्र घेतलंच नसतं.

माझा मामेभाऊ साताऱ्याला साध्या अनुदानित कॉलेजात बीकॉम करतो. नव्या शैक्षणिक धोरणामुळे तिथेही आता 'ओपन इलेक्टिव्ह' आहे. राज्यात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून हे सुरू झालं. तीन वर्षांच्या पदवीला १३२ क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १७६, आणि ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचाच घ्यायचा. कागदावर हे माझ्या कॉलेजपेक्षा कडक आणि एका अर्थी चांगलं आहे. प्रत्यक्षात कॉलेजात जे विभाग आहेत आणि ज्या प्राध्यापकांचा वर्कलोड भरायचा आहे, त्यातूनच यादी तयार होते. त्याला मिळालेला विषय होता भूगोल, आणि त्याच्या नशिबाने शिकवणारे सर असे की सगळा वर्ग घेऊन नदीकाठी जायचे. तो आज माझ्याइतकंच, कदाचित जास्तच, खडकांबद्दल बोलतो. त्याची वर्षाची फी माझ्या एका कोर्सच्या पुस्तकांत आणि प्रवासात जाईल एवढी. हे मी घरात मोठ्याने बोलत नाही.

लग्नाकार्यात 'म्हणजे तू आर्ट्‌सला की सायन्सला?' हा प्रश्न येतोच, त्याची सवय होते. खरी काळजी पुढच्या प्रवेशांची असते. यूपीएससी, एमपीएससी, कॅट, तीन वर्षांचं एलएलबी, यांना कुठल्याही शाखेची पदवी चालते, तिथे काही अडत नाही. पण एमएस्सीला जायचं असेल तर तो विषय पदवीला किती शिकलात हे बघतात, अर्थशास्त्राच्या चांगल्या एमएला गणित लागतं, आणि 'मी सगळं थोडं थोडं केलंय' हे त्यांच्या पात्रतेच्या रकान्यात बसत नाही. आमच्या वरच्या बॅचमधल्या एकीला शेवटच्या वर्षी एकाच सत्रात गणिताचे तीन कोर्स कोंबावे लागले. हे दुसऱ्या वर्षी कोणी सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं. ॲडव्हायजर नावाची व्यक्ती प्रत्येकाला नेमून दिलेली असते, पण एकेका ॲडव्हायजरकडे इतकी मुलं की भेट म्हणजे फॉर्मवर सही.

कोर्स निवडताना आता मी काय करते? नावावर जात नाही. 'समाज, सत्ता आणि पडदा' असल्या आकर्षक नावाच्या कोर्समध्ये दर आठवड्याला नुसत्या क्लिप दाखवल्या जातात, आणि 'मृदाशास्त्र १' या नावाखाली अख्खं शिवार फिरून होतं. मागच्या सत्राचा सिलॅबस मागून घेते, वाचनाच्या यादीपेक्षा असाइनमेंट काय होत्या ते बघते. काहीतरी मोजायला, भेटायला, करायला लावणारा कोर्स असेल तर घेते. ॲड-ड्रॉपच्या, म्हणजे कोर्स घ्यायच्या-सोडायच्या, दोन आठवड्यांत एक जास्तीचा कोर्स धरून ठेवते आणि पहिल्या दोन-तीन तासांनंतर सोडते. स्कोरिंग कोर्सच्या मागे सगळे लागतात, मी पण सत्राला एक घेते, कारण जीपीए, म्हणजे सगळ्या ग्रेडची सरासरी, शेवटी मार्कशीटवर छापून येतो आणि तिथे बेसॉल्ट दिसत नाही.

मेजर मी अर्थशास्त्र घेतला, मायनर, म्हणजे दुय्यम विषय, पर्यावरण. पुढच्या सत्रात जीआयएस (संगणकावर नकाशे करण्याचं तंत्र) आणि महाराष्ट्राचा आर्थिक इतिहास एकत्र मिळाले तर माणच्या पाझर तलावांचा नकाशा करायचा विचार आहे. दोन्ही कोर्स सध्या गुरुवारी सकाळी एकाच स्लॉटला दाखवतायत. ऑफिसला मेल टाकलाय.

प्रवेश घ्यायच्या विचारात असाल तर ओपन हाऊसच्या दिवशी मेजर किती आहेत ते विचारत बसू नका, ते वेबसाइटवर असतंच. मागच्या दोन सत्रांचं पूर्ण वेळापत्रक मागा, आणि तुमच्या मनातले दोन विषय कधीतरी एकत्र घेता आले असते का ते घरी बसून जुळवून बघा.