पब्लिक पॉलिसीची पदव्युत्तर पदवी: सतरा महिन्यांनंतर

तिसऱ्या सत्राचा शेवटचा पेपर परवा झाला. मागच्या वर्षी जुलैत प्रवेश घेतला, म्हणजे सतरा महिने झाले. प्रवेशाआधी या पदवीबद्दल मराठीत काही वाचायला मिळतंय का, हे मी खूप शोधलं होतं आणि फारसं हाती लागलं नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

धाराशिव जिल्ह्यात पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत मी सहा वर्षं होते. तिथे शेजारशेजारच्या दोन गावांत एकाच वर्षी रोजगार हमीतून सिंचन विहिरी मंजूर झाल्या. एका गावातल्या विहिरी बांधून पूर्ण झाल्या, पंप बसले. दुसऱ्या गावात खोदाई झाली आणि काम तिथेच थांबलं; दोन पावसाळ्यांत कडा ढासळल्या. कारण विचारलं की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. आम्ही संस्थेतले लोकही ‘कुणीतरी पैसे खाल्ले असतील’ असं म्हणून विषय सोडून द्यायचो. ते उत्तर मला पटत नव्हतं, आणि खरं उत्तर शोधायचं कसं हेही कळत नव्हतं. त्या प्रश्नापायी मी तिसाव्या वर्षी नोकरी सोडली.

घरी सगळ्यांना वाटलं, ही एमपीएससीचा अभ्यास करायला चालली. तसं नाही. या पदवीने अधिकारी होता येत नाही. सरकार एखादी गोष्ट का करतं, कशी करतं, तिचा पैसा कुठून येतो आणि शेवटी कुणाच्या पदरात काय पडतं, हे तपासायला इथे शिकवतात. पहिल्या वर्षी अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, राज्यघटना आणि कायदा. मग उन्हाळ्यात दोन महिने प्रत्यक्ष क्षेत्रकाम. दुसऱ्या वर्षी मूल्यमापन, सार्वजनिक वित्त आणि प्रबंध.

सगळ्यात जास्त शिकवलं ते पॉलिसी मेमोने. दर आठवड्याला दोन पानं. समोर एखादा सचिव किंवा जिल्हाधिकारी आहे असं धरायचं आणि प्रश्न काय, पर्याय कोणते, प्रत्येकाला खर्च किती, विरोध कोण करेल, तुमची शिफारस काय, हे सगळं त्या दोन पानांत बसवायचं. माझ्या पहिल्या मेमोत ‘गावपातळीवर जनजागृती करावी’ असं वाक्य होतं. सरांनी त्याला गोल करून बाजूला लिहिलं, ‘कोणी? कोणत्या लेखाशीर्षातून?’ म्हणजे सरकारच्या कोणत्या खर्चाच्या खात्यातून. सहा वर्षं मी प्रत्येक अहवालात ते वाक्य लिहीत आले होते. त्या दिवसानंतर एकदाही लिहिलं नाही.

संख्याशास्त्राने मात्र रडवलं. माझी पदवी समाजकार्यातली, दहावीनंतर गणिताशी संबंध नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचा, म्हणजे २०१९-२१ चा, कच्चा डेटा आमच्या हातात दिला आणि ‘आर’ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो उघडायला सांगितलं, तेव्हा माझ्या दोन रात्री फक्त रकाने समजून घेण्यात गेल्या. इतका महत्त्वाचा विषय सहा आठवड्यांत उरकला, ही माझी गंभीर तक्रार आहे. इंजिनिअरिंगची मुलं तरून गेली. आम्ही बाकीचे रात्री एकमेकांना शिकवत बसलो. प्रवेश घ्यायच्या आधीचे तीन महिने जर कुणाकडे असतील, तर ते संख्याशास्त्राला द्यावेत.

दुसरी तक्रार याहून मोठी आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १९६० च्या दशकात पेरी प्रीस्कूलचा, म्हणजे गरीब घरांतल्या लहान मुलांना शाळेआधीचं शिक्षण देऊन पाहण्याचा, प्रयोग झाला. १२३ मुलं, आणि त्यांचा पाठपुरावा पुढे कित्येक दशकं. आम्हाला तो तीन आठवडे शिकवला. प्रयोग उत्तमच आहे, शिकायलाच हवा. पण १९७५ साली देशात ३३ प्रकल्पांपासून सुरू झालेली आपली अंगणवाडी अर्ध्या तासात संपली. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांसाठीच, आणि ४० टक्के अबंधित, हे गावातला साधा ग्रामपंचायत सदस्य सांगतो; वर्गात ते मला कुणी सांगितलं नाही.

आणि भाषा. वाचन इंग्रजीत, चर्चा इंग्रजीत, मेमो इंग्रजीत. पण महाराष्ट्रात धोरण जमिनीवर उतरतं ते शासन निर्णयातून (जीआर), आणि तो असतो मराठीत. त्याच्या डोक्यावर ‘वाचा’ म्हणून आधीच्या निर्णयांची यादी असते. त्या यादीतला एकेक निर्णय काढून मागे मागे गेलं की कोणती अट कधी घुसली, कोणती गळली, हे दिसत जातं. हे मला शिकवलं एका पंचायत समितीतल्या निवृत्त विस्तार अधिकाऱ्यांनी, त्यांच्या ओसरीवर बसून. माझ्या मते त्या दोन दुपारी एका विषयाच्या तोडीच्या होत्या. मराठी नीट वाचता येणं हा या क्षेत्रात मोठा आधार आहे, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना वर्गात नेमकं उलट वाटायला लावलं जातं, याचा मला मनापासून राग येतो.

दुसऱ्या सत्रात रोजगार हमीवर निबंध लिहिला. या योजनेचे जनक वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात केलेला प्रयोग, १९७२ चा दुष्काळ, १९७७ चा कायदा, आणि पगारातून दरमहा कापल्या जाणाऱ्या व्यवसाय करातून उभा केलेला निधी. शहरातल्या नोकरदाराने गावातल्या हातांच्या कामाचा खर्च उचलायचा, ही कल्पना कायद्यात बसवणारं हे राज्य. देशाला असा कायदा मिळाला तो २००५ मध्ये. आमचं गाव मंगळवेढा तालुक्यात. बहात्तरच्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची, सुकडी घरी आणायची, हे लहानपणापासून ऐकलेलं. निबंधासाठी मी तिला पहिल्यांदा नीट विचारलं, मजुरी कोण मोजायचं, किती दिवसांनी मिळायची. ती म्हणाली, “मस्टरवर नाव हाय का न्हाय, एवढंच बघायचो बाई.” पन्नास वर्षांनी मी तेच बघत होते.

उन्हाळ्यातलं क्षेत्रकाम मी त्या दोन गावांतच मागून घेतलं. योजनेत अकुशल मजुरी किमान ६० टक्के आणि साहित्य-कुशल खर्च जास्तीत जास्त ४० टक्के, हे प्रमाण मला पाठ होतं. त्याचा विहिरीशी काय संबंध ते कळलं नव्हतं. खोदाई ही मजुरी. ती मजुरांच्या खात्यात जमा झाली. बांधकामाला लागतं सिमेंट, लोखंड, गवंडी. त्या बिलांचा पैसा वेगळ्या वाटेने आणि तुकड्या-तुकड्यांत येतो. पहिल्या गावच्या रोजगार सेवकाने, म्हणजे गावात या योजनेच्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाने, बिलं लगेच नोंदवून घेतली होती. दुसऱ्या गावात तेव्हा चार महिने रोजगार सेवकाचं पदच रिकामं होतं. बिलं उशिरा चढली आणि निधी संपला. पैसे खाल्ल्याचा पुरावा मला कुठेही मिळाला नाही. मिळालं ते एक रिकामं पद आणि एक तारीख. हे शोधायची रीत मला या पदवीने दिली, आणि एवढ्यासाठी मी तिला पैसे वसूल म्हणेन.

पैशांचंही सांगते. दोन वर्षांची फी चार लाख ऐंशी हजार, खोली-जेवण महिन्याला नऊ हजारांच्या पुढे. चार लाखांचं शैक्षणिक कर्ज, बाकी साठवलेलं. माझ्या आधीच्या तुकडीतले बरेच जण सल्लागार कंपन्यांत गेले, काही संस्थांमध्ये, काही संशोधनात. संस्थेतला पहिला पगार कर्जाच्या हप्त्यापुढे तोकडाच पडतो, हे गृहीत धरून चला. मुख्यमंत्री फेलोशिपचा विचार असेल तर तिची वयोमर्यादा २१ ते २६ आहे. माझ्यासाठी ते दार आधीच बंद होतं.

पदवीनंतर लगेच प्रवेश घेतलेली वर्गातली मुलं माझ्यापेक्षा हुशार आहेत, पण त्यांना प्रबंधाचा विषय सापडत नाहीये. दोन वर्षं कुठेतरी काम करून, एखादा न सुटलेला प्रश्न घेऊन इथे या. तालुक्याच्या कचेरीत, शाळेत, दवाखान्यात, कुठेही चालेल.

प्रबंध इंग्रजीतच द्यावा लागेल. त्याचा चार पानी मराठी सारांश मी आधीच लिहिलाय. दुसऱ्या गावच्या सरपंचताईंनी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तो वाचायला वेळ दिलाय. ज्यांच्या विहिरी ढासळल्या ती नऊ घरं येणार आहेत, आणि आता नवीन रोजगार सेवकही.