रीइंडेक्स मारायचा की इंडेक्स मुळापासून बांधायचा?

"सर, खातं सापडत नाहीये. पण पासबुक तर माझ्यासमोर आहे!"

हा फोन आला की समजायचं, इंडेक्स गेला. टेबल शाबूत असतं, नोंद जागेवर असते, फक्त तिच्याकडे नेणारी वाट पुसलेली असते. कधी याहून वाईट होतं. संदेश काहीच येत नाही, खातेदाराच्या खतावणीत बाकी दिसते आणि तेरीज तेवढ्याच रकमेने जुळत नाही. कारण तेरजेचा रिपोर्ट ज्या टॅगच्या क्रमाने टेबल वाचतो, त्या टॅगमधून (म्हणजे इंडेक्समध्ये ठेवलेल्या एका क्रमातून) चार-दोन नोंदी गळालेल्या असतात.

मी फॉक्सप्रोवरची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या त्या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरवरची, काही ऑफिसं सांभाळतो. दोन पतसंस्था, एक आडत दुकान, एक पगारबिलं करणारे गृहस्थ. मायक्रोसॉफ्टने 2007 सालीच पुढची आवृत्ती काढणार नाही म्हणून सांगितलं, 2015 च्या जानेवारीत उरलासुरला सपोर्टही संपला. तरी ही सॉफ्टवेअरं चालू आहेत आणि अजून काही वर्षं चालतील असं दिसतं. त्यामुळे इंडेक्स बिघडल्यावर काय करायचं, हा प्रश्न जुना असला तरी शिळा झालेला नाही.

मार्ग दोन. टेबल एक्सक्लुझिव्ह (दुसऱ्या कुणाला हात लावू न देता) उघडून, असलेले टॅग नवे करणाऱ्या रीइंडेक्सची कमांड द्यायची. किंवा डिलीट टॅग ऑल करून सगळे टॅग काढून टाकायचे आणि इंडेक्स ऑन देत एकेक नव्याने बांधायचा. दोन्हींसाठी सगळ्यांना सॉफ्टवेअरमधून बाहेर काढावं लागतं, त्या बाबतीत डावं-उजवं काही नाही. कॅशियरबाई "एवढी एक पावती" म्हणत दहा मिनिटं घालवतात, ती दोन्हीकडे जातात.

आधी रीइंडेक्सच्या बाजूने बोलतो, कारण मी स्वतः बरीच वर्षं तेच केलं. त्याला काही ठाऊक असावं लागत नाही. कुठल्या टेबलला किती टॅग आहेत, कुठला उलट्या क्रमाचा आहे, कुठल्याला "फक्त चालू खाती" अशी अट आहे, हे सगळं तो सीडीएक्स फाइलमधूनच, म्हणजे टॅग जिथे साठवलेले असतात त्या इंडेक्स फाइलमधूनच, वाचतो. मेनूत एक बटण ठेवलं की हेडक्लार्क स्वतः दाबू शकतात. शिवाय तो कोलेटला, म्हणजे अक्षरांचा क्रम ठरवणाऱ्या सेटिंगला, हात लावत नाही. ही बाब लहान वाटते, पण मी तिच्यात एकदा चांगलाच अडकलोय. जुन्या ऑफिसांत सभासदांची नावं युनिकोडपूर्वीच्या मराठी फाँटमध्ये भरलेली असतात. तिथला टॅग मशीन कोलेटवर होता. मी नव्याने बांधला तेव्हा माझ्या संगणकावर सेट कोलेट जनरलवर होतं आणि इंडेक्स ऑन त्या क्षणी जे सेटिंग असेल तेच घेतं. दुसऱ्या दिवशी सभासद यादीचा क्रम पार विस्कटला आणि नावाने शोध लागेना. रीइंडेक्सने हे कधीच केलं नसतं, कारण जुन्या टॅगवर जो शिक्का असतो तोच तो पुढे चालवतो.

टेबलं डीबीसीत (टेबलं एकत्र बांधणाऱ्या डेटाबेस फाइलीत) असतील, प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख) आणि टेबलाटेबलांमधली नाती बांधलेली असतील, तर रीइंडेक्सकडे पारडं आणखी झुकतं. डिलीट टॅग ऑल केलं की प्रायमरी की जाते, तिच्यावर उभी असलेली नातीही जातात. ती परत उभी करायची म्हणजे आल्टर टेबलचा उद्योग. फॉक्सप्रोसोबत येणारी जेनडीबीसी युटिलिटी त्यासाठीचा प्रोग्रॅम लिहून देते हे खरं, पण ती बिघाडाच्या आधी चालवलेली हवी.

मग माझं मन फिरलं कशामुळे?

एका पतसंस्थेत मार्चअखेरच्या धावपळीत लाइट गेली, सर्व्हरचा यूपीएस तग धरू शकला नाही. परत चालू केल्यावर कर्जाच्या टेबलावर "इंडेक्स डझ नॉट मॅच द टेबल" हा 114 नंबरचा संदेश. इथे पहिली अडचण कळते. इंडेक्स फाइलचं डोकंच फिरलं असेल तर टेबल उघडतच नाही, आणि जे उघडत नाही त्याला रीइंडेक्स कसं करणार? तिथल्या हार्डवेअरवाल्या मुलाने डोकं लढवलं. फेब्रुवारीच्या बॅकअपमधली सीडीएक्स उचलली आणि आत्ताच्या टेबलाशेजारी ठेवली. टेबल उघडलं. मग त्याने मला फोन केला, मी म्हटलं, "आता रीइंडेक्स मार." त्याने मारला. काम फत्ते, कर्जाचे आकडे जुळले, मला शाबासकीही मिळाली.

जूनमध्ये थकबाकीच्या नोटिसा काढायच्या होत्या. समोर कर्जदार बसलेला, शेजारी त्याचा जामीनदार. क्लार्कने जामीनदाराच्या नावाने शोधायचं बटण दाबलं आणि पडद्यावर आलं, "इंडेक्स टॅग इज नॉट फाउंड". जामीनदाराचा टॅग मी मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्या संस्थेच्याच मागणीवरून जोडला होता. फेब्रुवारीच्या सीडीएक्समध्ये तो असणार कुठून? रीइंडेक्सला समोर जेवढे टॅग दिसले तेवढे त्याने इमानदारीने नवे केले. जो दिसलाच नाही, त्याच्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

हीच ती खटकणारी गोष्ट. चूक झाली त्याचं मला फार वाटत नाही, या धंद्यात त्या होतात. पण रीइंडेक्स "झालं" म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ "मला जे दिसलं ते झालं" एवढाच असतो. काय असायला हवं होतं ते त्याला माहीतच नसतं. बिघडलेल्या फाइललाच विचारून ती दुरुस्त करायची, म्हणजे कीर्द हरवलेल्या माणसाकडूनच हिशेब तपासून घेण्यासारखं झालं. आणि ही उणीव लगेच दिसत नाही. दोन-तीन महिन्यांनी, क्वचित लागणाऱ्या एखाद्या पडद्यावर, तिसऱ्याच माणसासमोर दिसते. तोवर मार्चची घटना सगळे विसरलेले असतात, म्हणून शोध चुकीच्या दिशेने सुरू होतो. मी स्वतः आधी दोन तास प्रोग्रॅममध्येच चूक शोधत बसलो होतो.

तेव्हापासून मी मुळापासून बांधतो. त्यासाठी यादी लागते आणि सगळा कंटाळा त्या यादीचाच आहे. टेबलाचं नाव, टॅगचं नाव, कीचं एक्स्प्रेशन, फॉरची अट असेल तर ती, चढता की उतरता, साधा की कँडिडेट (दुबार नोंद न चालणारा) की प्रायमरी, आणि वर सांगितलेल्या फटक्यानंतर कोलेट. व्हिज्युअल फॉक्सप्रो 7 पासून एटॅगइन्फो नावाचं फंक्शन आहे, ते यातलं बहुतेक एका अॅरेत काढून देतं. जुन्या आवृत्तीत डिस्प्ले स्टेटस देऊन हाताने उतरवायचं. यादी टेबलात ठेवली तरी चालते, फक्त त्या टेबलाला इंडेक्स लावू नका. हसू नका, मी लावला होता.

आता माझा प्रोग्रॅम जुनी सीडीएक्स पुसत नाही, आधी तिचं नाव बदलून बाजूला ठेवतो. फाइल जागेवर नाही म्हटल्यावर टेबल उघडताना एकदा "स्ट्रक्चरल सीडीएक्स फाइल इज नॉट फाउंड" असं रडतं. डीबीसीत नसलेल्या साध्या टेबलांना हा संदेश ओलांडला की ती उघडतात आणि इंडेक्स असल्याची डीबीएफच्या (टेबलाच्या फाइलीच्या) हेडरमधली खूण निघून जाते. मग यादीप्रमाणे टॅग बांधायचे आणि शेवटी मोजायचे, यादीत किती आणि फाइलमध्ये किती. ही मोजणी रीइंडेक्समध्ये करताच येत नाही, कारण ताडून बघायला काही नसतं.

वेळेचं म्हणाल तर मी घड्याळ लावून पाहिलेलं नाही. पतसंस्थेच्या व्यवहारांच्या मोठ्या टेबलाला दोन्ही पद्धतींनी चहा येऊन कप परत जाईपर्यंत वेळ लागतो. नव्याने बांधल्यावर सीडीएक्स बारीक झालेली मात्र बऱ्याचदा दिसते.

दोन्ही मार्गांनी न सुटणारी दुखणी वेगळी. डीबीएफच्या हेडरमधली नोंदींची संख्या आणि प्रत्यक्ष नोंदी यांचा मेळ नसेल तर आवृत्ती 8 पासून "टेबल हॅज बिकम करप्टेड" असा 2091 नंबरचा संदेश येतो. तिथे आधी टेबल नीट करायचं, इंडेक्सची घाई नको. कँडिडेट टॅग बांधताना "युनिकनेस ऑफ इंडेक्स इज व्हायोलेटेड" आलं तर एकाच नंबरची दोन खाती आहेत का ते पाहा, आणि त्यात डिलीट मारलेल्या नोंदीही धरा. डिलीट मारलेल्या नोंदी लपवणाऱ्या सेट डिलीटेडकडे इंडेक्स बांधताना बघितलं जात नाही, त्यामुळे पॅक न केलेलं, म्हणजे टेबलातून कायमचं न काढलेलं, मढंही वाट अडवतं. आणि इंडेक्स दर आठवड्याला जात असेल तर हा सगळा वाद सोडा. सैल नेटवर्क केबल, संध्याकाळी मेन स्विचवरून मशीन बंद करण्याची सवय, डेटाच्या फोल्डरमध्ये घुसणारा अँटीव्हायरस आणि विंडोजचं शेअर्ड फाइल्सचं कॅशिंग, या क्रमाने बघत जा. माझ्या अनुभवात निम्मी प्रकरणं पहिल्या दोहोंतच मिटतात.

एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेसवर जा, असं कुणीतरी सांगेलच. बरोबरच सांगतात. इंडेक्स सर्व्हरच्या ताब्यात गेला की क्लायंटची लाइट गेल्याने तो मोडत नाही, आणि फॉक्सप्रोच्या एका फाइलला असलेली 2 जीबीची मर्यादाही सुटते. पण तो निर्णय संचालक मंडळाच्या सभेत होतो, आणि काउंटरवर माणूस आज उभा असतो.

तेव्हा तुम्ही काय करावं? टेबलं डीबीसीत गुंतलेली असतील, बिघाड किरकोळ असेल आणि सीडीएक्स त्याच टेबलाची, त्याच दिवसाची आहे याची खात्री असेल, तर रीइंडेक्स मारायला हरकत नाही. मीही घाईत मारतो. पण कुणी बॅकअपमधून फाइल आणून ठेवली असेल, किंवा तशी नुसती शंका जरी असेल, तर मी रीइंडेक्सच्या वाटेला जाणार नाही.

सोर्स तुमच्याकडे नसेल आणि सॉफ्टवेअरवाला फोन उचलत नसेल, तर सगळं सुरळीत चालू असेल अशा एखाद्या शनिवारी डेटाच्या फोल्डरची प्रत काढा. त्या प्रतीवर टेबलं एकेक उघडून टॅगांची यादी उतरवून घ्या आणि तिचा कागद छापून सर्व्हरच्या टेबलाच्या खणात ठेवा. आमच्याकडे तो कॅशियरबाईंच्या खणात आहे, कारण त्या खणाला कुलूप आहे.