नामदफाच्या पक्षीसहलीच्या नावाखाली बडोद्यात आम्हाला लुबाडलं

अरुणाचलातल्या नामदफा व्याघ्र प्रकल्पात पक्षी पाहायला जायचा बेत असेल, तर कुणालाही पैसे पाठवण्याआधी हे वाचा. आम्ही बडोद्याची काही पक्षीवेडी मंडळी, हिवाळ्यात वढवाणा तलावावर पट्टकादंब पाहायला जाणारी. या सहलीच्या नावावर आमचे माणशी २४,००० रुपये गेले. त्यात दांडिया बाजारातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी पेन्शनमधून बाजूला टाकलेले पैसेही होते. त्याचा मला अजून संताप येतो.

सहल नेतो म्हणणारा माणूस फोनवर अगदी घरच्यासारखं मराठी बोलायचा. जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे लीच सॉक्स घ्या, कॅमेऱ्याच्या बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका, मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा, दुर्बीण ८×४२ चीच आणा कारण दाट झाडीत उजेड कमी. सगळं बरोबर होतं. या याद्या येत राहिल्या आणि त्यांच्यासोबत एकेक रक्कम मागितली गेली. आधी बुकिंग, मग परमिट, मग नामदफाच्या जंगलातल्या देबानच्या रेस्ट हाउसची अनामत. कारण ठरलेलं: "आत नेटवर्क नाही ताई, मियाओच्या पुढे काही करता येत नाही, सगळं आधीच भरावं लागतं." मियाओ म्हणजे नामदफाच्या वेशीवरचं गाव, आणि आत नेटवर्कची बोंब आहे हे खरंच. म्हणूनच असल्या जागा ठगांच्या सोयीच्या: जंगल जितकं दुर्गम, तितकं इथे बसून खरंखोटं करणं अवघड.

परमिटचं नीट सांगते, कारण बहुतेकांना इथेच गाठतात. अरुणाचलात जायला आपल्याला इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायचा परवाना लागतो, पण तो राज्य सरकारच्या संकेतस्थळावर स्वतःचा स्वतः काढता येतो. दलाल लागत नाही. आमच्याकडून त्याने आधार कार्डाचे फोटो मागवले आणि प्रत्येकाला एकेक पीडीएफ पाठवली. नाव वेगळं, फोटो वेगळा, शिक्का ठसठशीत. आम्ही सगळे एकत्र बसून तिकिटं लावत होतो, तेव्हा बाईंनी चष्मा सारखा करून विचारलं, "अगं, सगळ्यांचा परमिट नंबर एकच कसा?"

मग त्याने पाठवलेलं सहलीचं माहितीपत्रक पुन्हा उघडलं. त्यावर 'नामदफाचा धनेश' म्हणून छापलेला पक्षी होता मलबारी राखी धनेश. चोचीवर शिंग नसलेला हा धनेश फक्त पश्चिम घाटात सापडतो, आंबोलीला आमच्यातल्या कित्येकांनी पाहिलाय. नामदफात तांबड्या मानेचा धनेश, मोठा धनेश असे दुसरे धनेश आहेत. शिवाय 'पांढऱ्या पोटाचा बगळा हमखास' असं लिहिलेलं. जगात ज्याचे प्रौढ पक्षी अडीचशेहूनही कमी उरलेत, तो हमखास दाखवायची हमी कुणी देऊच शकत नाही. नामदफात वर्षानुवर्षं फिरलेले लोकसुद्धा असं बोलणार नाहीत.

व्याघ्र प्रकल्पाचं कार्यालय मियाओला आहे. तिथे फोन लावला. आमच्या नावाने देबानला काहीही बुकिंग नव्हतं. त्या माणसाला विचारल्यावर आधी "साहेब रजेवर आहेत" झालं, संध्याकाळपर्यंत फोन बंद. दिब्रुगडची विमानाची तिकिटं आम्ही स्वतः काढली होती, त्यातलेही थोडेच पैसे परत मिळाले.

आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, बँकेलाही कळवलं. ज्यांनी शेवटचा हप्ता नुकताच भरला होता, त्यांची तेवढी रक्कम समोरच्या खात्यात गोठवता आली. आधीचे हप्ते केव्हाच पुढच्या खात्यांत गेले होते. म्हणून शंका आली की नातेवाइकांशी चर्चा करत बसू नका, आधी १९३० लावा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चॅट, ती खोटी पीडीएफ, यातलं काही पुसू नका.

आणि पैशांइतकीच काळजी आधारची करा. आमची कार्डं अजून त्याच्याकडे आहेत. आम्ही सगळ्यांनी आधारचं बायोमेट्रिक लॉक केलंय, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे कुणाला वापरता येऊ नयेत. सहलवाल्याला ओळखपत्र द्यावंच लागलं तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. रेस्ट हाउसचं बुकिंग सांगितलं की पैसे भरण्याआधी मियाओच्या कार्यालयात स्वतः फोन करून खात्री करा, आणि सहल पावसाळ्यातली असेल तर पैसे भरूच नका. नामदफाचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. पावसात तिथल्या वाटा आणि नद्या दोन्ही बेभरवशाच्या असतात.